बॉडी कॅमेऱ्याचे चित्रण आणि त्याचे शुल्क : अमेरिकेतील अर्जदारासाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील पोलिसांच्या गणवेशावर छातीशी लावलेला छोटा कॅमेरा, ज्याला बॉडी कॅमेरा म्हणतात, गेल्या दशकभरात तेथील पोलिसी कामकाजाचा नित्याचा भाग झाला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला, तेव्हा त्या प्रसंगाचे पोलिसी चित्रण उपलब्ध नव्हते. त्यानंतर उसळलेल्या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओबामा प्रशासनाने पोलीस खात्यांना सुमारे ५० हजार कॅमेरे घेता यावेत म्हणून तीन वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरची योजना मांडली. कॅमेरे आले आणि चित्रण साठू लागले. परंतु ते पाहण्याचा हक्क कोणाला आहे आणि ते देण्यासाठी येणारा खर्च कोणी सोसायचा, हे प्रत्येक राज्याने आपापल्या परीने ठरवले, त्यामुळे एकाच लांबीच्या चित्रणासाठी एका राज्यात काहीच द्यावे लागत नाही आणि दुसऱ्या राज्यात शेकडो डॉलर मोजावे लागतात.

शिक्षण, नोकरी किंवा व्यवसायानिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या विषयाशी संबंध येतो तो बहुधा रस्त्यावरील अपघात, वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवणे, घरी झालेली पोलीस भेट किंवा दुकानातील चोरी अशा प्रसंगांमुळे. विमा कंपनीशी वाद झाला, पोलीस अहवालातील नोंद चुकीची वाटली किंवा अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल तक्रार करावयाची असली, की चित्रणाची प्रत हवी होते, आणि अर्ज केल्यावर काही दिवसांनी शुल्काचा आकडा हाती येतो. तो आकडा पाहून अर्ज सोडून देणे आणि तो निमूटपणे भरणे या दोन्ही गोष्टी टाळण्याजोग्या आहेत, कारण शुल्काची रक्कम कायद्याइतकीच अर्जाच्या मांडणीवर अवलंबून असते आणि शुल्क कोणत्या कामासाठी लावले आहे हे कळल्याशिवाय ते योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही.

शुल्क नेमके कशाचे

चित्रणाची प्रत देताना पोलीस खात्याला साधारणपणे चार प्रकारची कामे करावी लागतात. पहिले काम शोधाचे, म्हणजे हजारो तासांच्या साठ्यातून संबंधित प्रसंगाच्या फिती वेगळ्या काढण्याचे. दुसरे तपासणीचे, म्हणजे त्या फिती पाहून कायद्याने गोपनीय ठरवलेला भाग कोठे आहे हे ठरवण्याचे. तिसरे 'रिडॅक्शन'चे, म्हणजे अल्पवयीन मुलांचे चेहरे, गाड्यांचे क्रमांक, गस्तीच्या गाडीतील संगणकाचा पडदा किंवा वैद्यकीय माहिती धूसर करण्याचे आणि ध्वनीतील पत्ते वा दूरध्वनी क्रमांक पुसण्याचे. आणि चौथे प्रत काढून अर्जदाराला पोचवण्याचे. यांपैकी चौथ्या कामाचा खर्च, विशेषतः प्रत दुव्याद्वारे पाठवली तर, नाममात्र असतो. खरा खर्च तिसऱ्या कामाचा असतो, कारण संगणकीय साधने चेहरे आपोआप ओळखत असली तरी कर्मचाऱ्याला सगळी फीत पुन्हा पाहून खात्री करावी लागते, आणि एका प्रसंगी चार अधिकारी हजर असतील तर वीस मिनिटांच्या घटनेचे चित्रण ऐंशी मिनिटांचे होते.

राज्याराज्यांतील फरक मुख्यतः याच तिसऱ्या कामाभोवती आहे. संबंधित राज्याचा कायदा अर्जदाराकडून यांपैकी कोणत्या कामाचे पैसे घेऊ देतो, हा पहिला प्रश्न विचारला की पुढचा मार्ग बराच सोपा होतो.

राज्यानुसार चित्र

कॅलिफोर्नियात हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निकाली काढला. डिसेंबर २०१४ मध्ये बर्कली येथे झालेल्या निदर्शनांच्या बंदोबस्तासाठी शेजारच्या हेवर्ड शहराचे पोलीस गेले होते, आणि त्यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेने मागितल्यावर शहराने संपादनाच्या वेळेपोटी तीन हजार डॉलरहून अधिक रक्कम आकारली. इलेक्ट्रॉनिक नोंदींमधून माहिती काढून घेण्याचा खर्च आकारण्याची मुभा देणारी कायद्यातील तरतूद गोपनीय भाग झाकण्याच्या खर्चाला लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला, त्यामुळे त्या राज्यात रिडॅक्शनच्या श्रमाचे पैसे मागणारे पत्र आले तर या निकालाचा उल्लेख करून ते परत पाठवता येते. शिवाय, पोलिसाने व्यक्तीवर गोळी झाडली असेल किंवा बळाच्या वापरामुळे मृत्यू वा गंभीर इजा झाली असेल, तर २०१९ च्या जुलैपासून लागू असलेल्या नियमानुसार ते चित्रण साधारणपणे ४५ दिवसांत खुले करावे लागते आणि विलंबासाठी कायद्यात सांगितलेली कारणे दाखवावी लागतात.

न्यूयॉर्क राज्यात इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी, ते काम करू शकणाऱ्या सर्वांत कमी पगाराच्या कर्मचाऱ्याच्या ताशी वेतनाइतके शुल्क घेता येते, पण तेही प्रत तयार करण्यास किमान दोन तास लागणार असतील तरच, आणि शोधाचा वेळ त्यात धरता येत नाही. याच राज्यात २०१५ मध्ये एनवाय१ या वृत्तवाहिनीने सुमारे १९० तासांचे चित्रण मागितले असता न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याने ३६ हजार डॉलरचा आकडा सांगितला आणि वाहिनीने पुढच्या वर्षी न्यायालयात धाव घेतली. मोठी, सरसकट मागणी कोणत्या थराला जाते हे या प्रकरणावरून दिसते.

इलिनॉयमध्ये व्यावसायिक हेतू नसलेल्या सामान्य अर्जदाराकडून शोधाचे व तपासणीचे शुल्क घेता येत नाही, मात्र तेथे अडचण वेगळी आहे. २०१६ पासून लागू असलेल्या बॉडी कॅमेरा कायद्यानुसार तक्रार, अटक वा स्थानबद्धता, बळाचा वापर, गोळीबार, मृत्यू किंवा शारीरिक इजा अशा कारणांनी खूण केलेले चित्रणच, प्रसंगातील व्यक्ती व तिचा वकील वगळता इतरांना, माहितीच्या कायद्याखाली मागता येते, म्हणजे तेथे शुल्कापेक्षा पात्रतेचा प्रश्न आधी येतो.

दुसऱ्या टोकाला, शुल्काचा दरच ठरवून देणारी राज्ये आहेत. ओहायोत २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने पोलीस खात्यांना चित्रण तयार करण्याचा प्रत्यक्ष खर्च घेण्याची मुभा दिली असून त्याची कमाल मर्यादा दिलेल्या चित्रणाच्या दर तासाला ७५ डॉलर आणि एकूण ७५० डॉलर अशी आहे; खात्याने अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अंदाज कळवावयाचा असतो आणि पैसे भरल्यावरच काम सुरू करण्याची अट ते घालू शकते. ॲरिझोनाने २०२३ च्या कायद्याने तपासलेल्या चित्रणाच्या दर तासाला ४६ डॉलरपर्यंत शुल्क घेण्याची परवानगी दिली. इंडियानात प्रत्यक्ष खर्चाची मर्यादा १५० डॉलर आहे. टेक्सासमध्ये प्रत्येक फितीला १० डॉलर आणि चित्रणाच्या प्रत्येक पूर्ण मिनिटाला १ डॉलर असा दर आहे, मात्र मिनिटाचा दर तेच चित्रण यापूर्वी कोणा नागरिकाला दिलेले नसेल तरच लागतो, आणि लोकहिताचे कारण असल्यास खाते शुल्क कमी किंवा माफ करू शकते.

वॉशिंग्टन राज्याने मधला मार्ग स्वीकारला आहे. तेथे रिडॅक्शनचा वाजवी खर्च घेता येतो, पण बाजारात उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त पद्धत वापरण्याचे बंधन खात्यावर आहे, आणि चित्रित प्रसंगात प्रत्यक्ष सामील असलेली व्यक्ती व तिचा वकील यांना हा खर्च लागत नाही. म्हणून त्या राज्यात अर्जदाराने आपण प्रसंगातील व्यक्ती आहोत हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिणे आवश्यक ठरते.

एफबीआयसारख्या संघराज्याच्या यंत्रणांना मात्र १९६६ चा माहिती स्वातंत्र्याचा केंद्रीय कायदा लागू होतो. त्यात व्यावसायिक हेतू नसलेल्या सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास विनामूल्य असतात आणि तपासणीचे शुल्क केवळ व्यावसायिक अर्जदाराकडूनच घेतले जाते. शहर पोलीस, काउंटीचा शेरीफ, राज्य महामार्ग पोलीस किंवा विद्यापीठाचे पोलीस दल यांच्याकडे या केंद्रीय कायद्याखाली अर्ज केल्यास तो फेटाळला जातो, आणि ही चूक वारंवार होते.

अर्ज करण्यापूर्वी

सर्वांत आधी चित्रण टिकून राहील याची काळजी घ्यावी लागते, कारण शुल्काचा वाद जिंकूनही मूळ फीत पुसली गेली असेल तर त्या विजयाचा उपयोग नाही. इलिनॉय, फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांत किमान ९० दिवस, तर इंडियानातील स्थानिक खात्यांना १९० दिवस चित्रण जपावे लागते. गुन्ह्याचा पुरावा ठरणारे चित्रण बहुधा अधिक काळ ठेवले जाते, पण किरकोळ अपघात किंवा गाडी थांबवण्याचा साधा प्रसंग या वर्गात येईलच असे नाही. म्हणून घटनेनंतर पहिल्या काही दिवसांतच, शुल्काचा विचार न करता, संबंधित चित्रण नष्ट करू नये अशी विनंती करणारे पत्र नोंदणीकृत डाकेने किंवा ई-मेलने पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट मार्गाच्या निवडीची. प्रसंगातून फौजदारी खटला उभा राहिला असेल, तर आरोपीच्या वकिलाला सरकार पक्षाकडील पुरावा मिळवण्याची न्यायालयीन प्रक्रिया उपलब्ध असते, जिला 'डिस्कव्हरी' म्हणतात, आणि माहितीच्या कायद्याने झाकला जाणारा भागही त्या मार्गाने पुष्कळदा पाहता येतो. दिवाणी दाव्यात न्यायालयाच्या समन्सद्वारे चित्रण मागवता येते. खटला चालू असताना माहितीच्या कायद्याखाली केलेला अर्ज तपासाचे कारण देऊन नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे आधी वकिलाचा सल्ला घेणे योग्य, विशेषतः व्हिसावर राहणाऱ्यांनी, कारण अर्ज ही स्वतः एक सार्वजनिक नोंद असते आणि त्यात लिहिलेले पुढे कोणीही मागू शकते.

तिसरी गोष्ट अर्जदाराच्या पात्रतेची. बहुतेक राज्यांत कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते, त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणारे आईवडीलही कॅलिफोर्नियातील खात्याकडे ई-मेलने अर्ज पाठवू शकतात. परंतु व्हर्जिनियासारख्या काही राज्यांनी हा हक्क आपल्या रहिवाशांपुरता मर्यादित ठेवला आहे, आणि अशी मर्यादा घटनाबाह्य नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आहे. अशा राज्यात अर्ज तेथील रहिवासी नातेवाईक, मित्र किंवा वकील यांच्या नावाने करावा लागतो.

अर्ज कसा मांडावा

शुल्क कमी ठेवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मागणी नेमकी ठेवणे. काही राज्यांत तर नेमकेपणा ही कायद्याचीच अट आहे : टेक्सासमध्ये दिनांक व अंदाजे वेळ, नेमके ठिकाण आणि चित्रणातील किमान एका व्यक्तीचे नाव द्यावे लागते, तर वॉशिंग्टनमध्ये सामील व्यक्तीचे नाव, घटना किंवा प्रकरण क्रमांक, दिनांक-वेळ-ठिकाण किंवा अधिकाऱ्याची ओळख यांपैकी काहीतरी देणे आवश्यक असते. अशी अट नसलेल्या राज्यातही हे तपशील दिल्याने शोधाचा वेळ वाचतो.

तपशील हाती नसतील तर चित्रणाआधी कागद मागावेत. घटनेचा लेखी अहवाल आणि नियंत्रण कक्षाची नोंद, म्हणजे कोणते पथक किती वाजता निघाले, पोचले व परतले याची संगणकीय यादी, यांच्या प्रती सहसा अल्प खर्चात मिळतात आणि घटनास्थळी कोण अधिकारी होते हे त्यावरून कळते. मग सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण न मागता, जो अधिकारी प्रत्यक्ष बोलत होता किंवा ज्याने कारवाई केली त्याच्या कॅमेऱ्यातील ठरावीक मिनिटांचे चित्रण मागावे आणि ते पाहून गरज वाटल्यास दुसरा अर्ज करावा. टेक्सासच्या दराने चार कॅमेऱ्यांचे प्रत्येकी तीस मिनिटांचे चित्रण १६० डॉलरला पडते, तर एका कॅमेऱ्याचे दहा मिनिटांचे वीस डॉलरला. हिशेब इतका सरळ आहे. अर्थात फीत एकसंध असेल आणि खाते ती तोडून देण्यास तयार नसेल तर हा लाभ कमी होतो, म्हणून तुकडा स्वतंत्र देता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.

रिडॅक्शनचे श्रम कमी करण्याचे मार्गही अर्जातच सुचवता येतात. रुग्णवाहिकेतील किंवा रुग्णालयातील भाग नको असल्यास तसे लिहावे. इतर लोकांचे चेहरे निवडकपणे झाकण्याऐवजी सर्व चौकट सौम्य धूसर केलेली चालेल, किंवा केवळ ध्वनी वा केवळ दृश्य पुरेल, असे कळवावे. चित्रणात फक्त स्वतः अर्जदार आणि त्याचे कुटुंबीय असतील तर त्यांची लेखी संमती जोडावी. आणि हे चित्रण आधीच कोणाला दिले गेले असेल तर तीच संपादित प्रत मागावी, कारण एकदा झालेल्या कामाचे पैसे दुसऱ्यांदा घेण्यास फारसा आधार उरत नाही. अनेक राज्यांत प्रत न घेता कार्यालयात बसून चित्रण पाहण्याचा पर्यायही असतो, आणि केवळ काय घडले याची खातरजमा करावयाची असेल तर तो विचारून पाहण्याजोगा आहे.

अर्जाच्या शेवटी दोन वाक्ये असावीत : खर्च अमुक रकमेपेक्षा अधिक होणार असल्यास काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज कळवावा, आणि प्रत डिस्कवर न देता दुव्याद्वारे पाठवावी. पहिल्या वाक्यामुळे अनपेक्षित बिल येत नाही आणि दुसऱ्यामुळे माध्यमाचा व टपालाचा खर्च वाचतो. लोकहिताचे कारण असेल, उदाहरणार्थ एखाद्या वस्तीतील पोलिसी वर्तनाचा अभ्यास, तर शुल्कमाफीची विनंती स्वतंत्र परिच्छेदात कारणांसह मांडावी. वैयक्तिक विमा दाव्यासाठी मात्र अशी माफी क्वचितच मिळते.

अंदाज हाती आल्यावर

खात्याकडून आकडा आला की त्याचे विभाजन मागणे ही पहिली पायरी. किती फिती, एकूण किती मिनिटे, कोणत्या कामाला किती तास, त्या कामासाठी कोणत्या दर्जाचा कर्मचारी, ताशी दर काय आणि ही आकारणी कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. महाराष्ट्रात माहिती अधिकार वापरलेल्या वाचकाला ही सवय असेलच, कारण भारतीय कायद्याच्या कलम ७ नुसार पुढील शुल्क मागताना जन माहिती अधिकाऱ्याला ती रक्कम कशी काढली याचा हिशेबही द्यावा लागतो आणि मुदत टळली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. मात्र भारतातील नाममात्र दर, म्हणजे केंद्रीय नियमांतील दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये, यांची अपेक्षा अमेरिकेत बाळगून चालत नाही, आणि विलंब झाल्यास शुल्क आपोआप माफ होते असेही सर्वत्र नाही; तेथे प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

हिशेब मिळाल्यावर तो त्या राज्याच्या कायद्याशी ताडून पाहावा. कॅलिफोर्नियात झाकण्याचे तास, न्यूयॉर्कमध्ये शोधाचे तास, इलिनॉयमध्ये सामान्य अर्जदाराच्या नावे तपासणीचे तास दिसले, तर आक्षेपाला स्पष्ट आधार आहे; ओहायोत मर्यादेतील रक्कम दिसली, तर आक्षेपाऐवजी मिनिटे कमी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. आक्षेप आधी त्याच खात्याकडे लेखी नोंदवावा. त्यानंतरची दारे राज्यानुसार बदलतात : न्यूयॉर्कमध्ये खात्यांतर्गत अपिलासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि मग न्यायालयात जाता येते, इलिनॉयमध्ये ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात आणि इंडियानातही माहितीविषयक सल्लागाराचे पद आहे, जेथे वकिलाशिवाय तक्रार करता येते, न्यू जर्सीत शासकीय नोंदींसाठी स्वतंत्र परिषद आहे, कॅलिफोर्नियात थेट न्यायालयात जावे लागते, पण तेथे अर्जदार जिंकल्यास वकिलाचा खर्च सरकारी यंत्रणेवर पडतो.

प्रत्येक वाद लढण्याजोगा असतो असे नाही. चाळीस डॉलरच्या आकारणीसाठी तीन महिने पत्रव्यवहार करताना विमा दाव्याची किंवा नुकसानभरपाईच्या नोटिशीची मुदत निघून गेली, तर वाचलेल्या पैशापेक्षा गमावलेला हक्क मोठा ठरतो, आणि अनेक राज्यांत सरकारी यंत्रणेविरुद्धच्या दाव्याची नोटीस काही महिन्यांतच द्यावी लागते. अशा वेळी आक्षेप लेखी नोंदवून, तो कायम ठेवून रक्कम भरावी, पावती घ्यावी आणि चित्रण हाती आल्यावर परताव्याचा प्रश्न पुढे न्यावा. चित्रण पुसले जाणार नाही याची खात्री, मग मागणीचा नेमकेपणा, मग शुल्काचा हिशेब आणि शेवटी वाद, हा क्रम पाळणाऱ्या अर्जदाराला शुल्क भरावे लागले तरी ते कोणत्या कामाचे आणि कोणत्या कायद्याखाली भरले हे माहीत असते, आणि आकारणी बेकायदा असेल तर ती दाखवून देण्यासाठी लागणारे सर्व कागद त्याच्याजवळ असतात.